पेशींतील लोहाचा कोठावळा

सूरजागडचा डोंगर गडचिरोली जिल्ह्यांतील एटापल्ली तालुक्यांत आहे. माडिया लोकांच्या ठाकूरदेवाचें हें ठाणें. आणि याच डोंगराच्या पोटांत हेमॅटाइट नांवाचें लोहखनिज भरलेलें आहे. घरासमोर लोहाचा डोंगर असावा, आणि तरीही त्या रानांतील कित्येक आयाबहिणींना रक्तक्षयानें ग्रासावें, हें प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटतें. परंतु दगडांतील लोह हें गंजाच्याच जातीचें. तें पाण्यांत विरघळत नाहीं, मग रक्तांत कोठून उतरणार? मनुष्याच्या शरीरांत एकंदर तीनचार ग्रॅम लोह असतें. त्याचा सुमारें दोनतृतीयांश भाग रक्तांतील हिमोग्लोबिनमध्यें गुंतलेला असतो, आणि अन्नांतून रोज अवघें एकदोन मिलिग्रॅम लोह नव्यानें शोषलें जातें.

लोह कमी पडलें तर रक्ताला प्राणवायु पुरेसा वाहतां येत नाहीं. उलट तें मोकळें व अधिक झालें, तर त्याच प्राणवायूशीं संगनमत करून पेशीचे घटक जाळूं लागतें. शिवाय नको असलेलें लोह बाहेर टाकण्याची स्वतंत्र वाट शरीराला नाहीं. म्हणून प्रत्येक पेशीला हिशेब चोख ठेवावा लागतो.

या हिशेबाचीं दोन साधनें आहेत. पहिलें साधन म्हणजे पेशीचा दरवाजा. रक्तांतून लोह वाहून आणणाऱ्या ट्रान्सफेरिन या प्रथिनाला धरून आंत घेणारा एक ग्राहक पेशीच्या पृष्ठभागावर असतो. दुसरें साधन म्हणजे कणगी. फेरिटिन नांवाचें हें प्रथिन लाउफबर्गर यांनीं १९३७ सालीं घोड्याच्या प्लीहेंतून वेगळें केलें. चोवीस तुकड्यांच्या या पोकळ गोळ्यांत लोहाचे सुमारें साडेचार हजारपर्यंत अणु सांठवतां येतात.

दरवाजा किती उघडावा आणि कणग्या किती बांधाव्या, हें ठरवणारा कोठावळा म्हणजे ‘लोहनियामक प्रथिन क्रमांक एक’. पेशीच्या केंद्रांतील मूळ आज्ञेची नक्कल आर.एन.ए. या रेणूच्या रूपानें बाहेर येते, आणि ती वाचून प्रथिनें घडवलीं जातात. फेरिटिनच्या नकलेच्या आरंभाजवळ सुमारें तीस अक्षरांचा भाग केसांच्या आंकड्याप्रमाणें दुमडलेला असतो. हा आंकडा १९८७ सालीं ओळखला गेला. त्याला पकडणारें प्रथिन पुढील वर्षीं हातीं लागलें.

पेशींत लोह उणें असलें, कीं हें प्रथिन त्या आंकड्यावर जाऊन बसतें. वाचणाऱ्या यंत्रणेची वाट अडते, आणि नव्या कणग्या बांधणें थांबतें. त्याच वेळीं दरवाजाच्या नकलेच्या शेपटाकडे असलेल्या अशाच आंकड्यांना तें बिलगतें. तेथें मात्र परिणाम उलट होतो: ती नक्कल नाश पावण्यापासून वांचते, आणि दरवाजे वाढतात. एकाच कृतीनें खर्च वळतो आणि आवक वाढते.

पण लोह किती आहे, हें त्याला कळतें कसें? उत्तर मोठें सुंदर आहे. लोह मुबलक असलें, कीं लोहाचे चार आणि गंधकाचे चार अणु मिळून एक खडा या प्रथिनाच्या गाभ्यांत बसतो. मग आर.एन.ए. पकडण्याची जागाच मिटते. आणि हेंच प्रथिन ॲकोनायटेज नांवाचें विकर होऊन सायट्रेटचें रूपांतर करण्याच्या निराळ्याच कामाला लागतें. कोठावळा स्वतःच तराजू असतो. याच कुळांतील दुसरें प्रथिन मात्र लोह वाढतांच मोडीत काढलें जातें.

आंकडा बिघडला तर काय होतें, तेंही पाहावयास मिळालें आहे. युरोपांतील कांहीं घराण्यांत फेरिटिनच्या नकलेंतील आंकडा जन्मतः बदललेला असतो. कोठावळ्याची पकड सुटते, फेरिटिन अमर्याद तयार होतें आणि तरुण वयांतच मोतीबिंदु येतो. हा विकार १९९५ सालीं वर्णिला गेला.

गडचिरोलीच्या दृष्टीनें या शास्त्रांत एक व्यावहारिक बोध आहे. या भागांत सिकल सेल हा आनुवंशिक रक्तविकारही आढळतो. त्यांत तांबड्या पेशी विळ्याप्रमाणें वांकून लवकर फुटतात. म्हणजे चेहऱ्याची फिकट छटा लोहाच्या उणिवेमुळेंच आली असेल, असें नाहीं. वारंवार दुसऱ्याचें रक्त घ्यावें लागलेल्या रुग्णाच्या अंगीं तर लोह अधिक सांचतें. अशा वेळीं कोठावळा दरवाजे मिटून कणग्या बांधतो. पण नसांतून थेट भरलेल्या रक्तापुढें त्याचाही इलाज संपतो. यावरून गर्भवतीला दिल्या जाणाऱ्या लोहाच्या गोळ्या टाळाव्या, असा अर्थ मुळींच काढूं नये. त्या गोळ्यांनीं अनेक मातांचें रक्षण होतें. तात्पर्य इतकेंच, कीं दीर्घकाळ औषध चालवण्यापूर्वीं रक्त तपासून कारण निश्चित करावें. पेशीसुद्धां मोजल्यावांचून लोह घेत नाहीं. तें देणाऱ्यानेंही मोजूनच द्यावें.