पेजेवर अंगात ताकद राहत नाही

गैरसमज : "या वयात त्यांना लागतं कितीसं? पेज, मऊ भात पुरे. जड काही पचायचं नाही."

अंथरुणाला खिळलेले किंवा आधाराशिवाय चालू न शकणारे आजी-आजोबा घरात असले की हे हमखास ऐकू येतं. बोलणारे मायेपोटीच बोलतात. पण त्यापायी म्हातारी माणसं अर्धपोटी राहतात आणि खापर वयावर फुटतं.

वस्तुस्थिती : हालचाल कमी झाली की उष्मांकांची गरज थोडी घटते, प्रथिनांची घटत नाही, उलट वाढते. तरुण शरीर जेवढ्या प्रथिनांत स्नायू टिकवतं, तेवढ्यात म्हातारं शरीर टिकवू शकत नाही. 'एस्पेन' ही युरोपातली वैद्यकीय पोषणाची संस्था वृद्धांसाठी किलो वजनामागे रोज किमान १ ग्रॅम प्रथिनं सांगते. 'प्रोट-एज' या तज्ज्ञगटाने २०१३ मध्ये आजारी वृद्धांसाठी १.२ ते १.५ ग्रॅम सुचवली. म्हणजे ५० किलोच्या आजींना ५० ग्रॅम तरी हवीत, आजारपणात ६० ते ७५.

आता त्यांना दिवसभरात काय मिळतं ते पाहा. सकाळी चहा-बिस्किटं, दुपारी मऊ भातावर पळीभर पातळ वरण, संध्याकाळी पुन्हा चहा, रात्री वाटीभर पेज. सगळं मिळून २० ग्रॅमही भरत नाहीत. उरलेली गरज शरीर स्वतःच्या स्नायूंतून भागवतं. मग उठताना दोघांचा आधार लागतो, पडून राहून पाठीवर झालेली जखम भरत नाही. 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निरोगी वृद्धांना फक्त १० दिवस झोपवून ठेवलं होतं. तेवढ्यात त्यांच्या पायांतले सुमारे एक किलो स्नायू गेले. आजारी माणसाला पेजेवर ठेवणं किती महागात पडतं, हे यावरून कळावं.

"पण किडनीवर ताण येईल ना?" किडनीचा गंभीर आजार असून डायलिसिस सुरू नसेल, तर प्रथिनं मोजूनच द्यावी लागतात आणि ते डॉक्टर ठरवतात. तो नियम सरसकट सगळ्या म्हाताऱ्यांना लावू नका.

पेज बंद करायची गरज नाही, तिच्यात भर घाला. शिजवताना भाजून दळलेल्या मूगडाळीचं पीठ दोन मोठे चमचे, उतरवल्यावर तेवढीच दूध पावडर आणि तुपाची धार. जेमतेम २ ग्रॅम प्रथिनांची वाटी १० ग्रॅमच्या आसपास जाते. शिवाय मऊ उकडलेलं अंडं, कुस्करलेलं पनीर, घट्ट दही, काटे काढलेला मासा, जे घरात चालत असेल ते. एकदम ताटभर नको. थोडं थोडं, पाच-सहा वेळा.

आणखी काही गैरसमज :

"सलाईन लावलं की ताकद येते." ५ टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, १०० कॅलरीही होत नाहीत. साध्या सलाईनमध्ये तर शून्य.

"गिळता येत नाही, तर पातळ द्या." लकवा मारलेल्यांना अनेकदा पाण्यासारखं पातळच जास्त ठसकतं आणि श्वासनलिकेत जातं. गिळण्याची तपासणी करून घ्या, ताठ बसवूनच भरवा, नंतर अर्धा तास आडवं करू नका.

"तहान नाही, म्हणजे पाणी नको." वयानुसार तहानेची जाणीवच मंदावते. पाणी आठवणीने पाजावं लागतं.

"शुगर आहे, कडक पथ्य हवंच." जेवण कमी आणि गोळ्या तेवढ्याच राहिल्या, तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते.

"म्हातारपणी वजन उतरतंच." सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त वजन आपोआप उतरणं हे कुपोषणाचं लक्षण मानलं जातं. ५० किलोच्या माणसाचे अडीच किलो. कारण दुखरे दात, बद्धकोष्ठता, एखादं औषध किंवा नैराश्य असू शकतं आणि यातल्या बहुतेकांवर उपाय आहे. दर महिन्याला वजन लिहून ठेवा, उभं राहता येत नसेल तर दंडाचा घेर मोजा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा.