हळद पावडर युनिटमधील सायक्लोन : भुकटी हवेतून कशी वेगळी होते?

हिंगोली जिल्हा, विशेषतः वसमत परिसर, हळदीसाठी ओळखला जातो. गटामार्फत हळद पावडर युनिट उभारताना पल्व्हरायझरइतकेच लक्ष सायक्लोनकडे द्यावे. हवेत उडणारी भुकटी म्हणजे मालाचे नुकसान, कामगारांच्या श्वसनाला त्रास आणि ठिणगी पडल्यास भडका उडण्याचा धोका.

कार्यपद्धती
- ब्लोअरमुळे भुकटीमिश्रित हवा सायक्लोनच्या वरच्या भागात कडेने शिरते व वेगाने गोल फिरते.
- जड कण भिंतीकडे फेकले जातात आणि शंकूतून खाली उतरतात.
- हवा तळाजवळ उलटून मधल्या नळीतून वर निघून जाते.

मर्यादा
साधारण १० मायक्रॉनपेक्षा बारीक कणांचा बराच भाग हवेसोबत निसटतो. त्यासाठी सायक्लोननंतर कापडी बॅग फिल्टर बसवावा.

अशी घ्या काळजी
- खालचा रोटरी व्हॉल्व्ह हवाबंद ठेवावा. तेथून हवा आत ओढली गेल्यास खाली उतरलेली भुकटी पुन्हा वर उडते.
- पूर्ण वाळलेली हळदच दळावी. ओलसर भुकटी शंकूला चिकटते.
- सायक्लोन चोंदल्यास हातोडीने ठोकू नये. पत्र्याला पोचा पडल्यास हवेचा भोवरा बिघडतो.
- बॅग फिल्टरमध्ये अचानक जास्त भुकटी साचू लागल्यास प्रथम रोटरी व्हॉल्व्ह तपासावा.