आधी तळ, मग बीज

भोरकडच्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. त्यांच्या गावातली तरुण मंडळी दरवर्षी वर्गणी काढून नदीत महसीरची बोटुकली सोडतात, पण मोठा मासा काही नजरेला पडत नाही. ‘आणखी बीज सोडावं का?’ असं ते विचारतात. माझं उत्तर सरळ आहे: यंदा एकही बोटुकली सोडू नका. त्याऐवजी नदीचा तळ बघा.

महसीर हा आपल्याच नद्यांचा मासा. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, तेही पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. लोणावळ्याला टाटांच्या वळवण केंद्रात १९७०च्या दशकापासून त्याचं बीज तयार होतं आणि त्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. केंद्रात अंड्यांना सतत खेळतं, स्वच्छ पाणी दिलं जातं. नदीत हेच काम खळाळातले गोटे करतात.

पावसाळ्यात महसीर चढणीला लागतो आणि उथळ, वाहत्या पाण्यात अंडी घालतो. अंडी जड असल्यानं ती गोट्यांच्या फटींत उतरतात. तीन-चार दिवसांत पिल्लं बाहेर येतात, पण लगेच पोहत सुटत नाहीत. पोटाखालच्या बलकावर जगत ती आणखी काही दिवस त्याच फटींत दडून राहतात. फटी गाळानं बुजल्या की पाणी खेळत नाही आणि अंडी तिथंच गुदमरतात. गोटेच उपसून नेले तर अंडी घालायला जागाच उरत नाही. मग वरून कितीही बीज ओता, त्या माशांची पुढची पिढी नदीत होत नाही.

हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. पाऊस ओसरल्यावर खळाळात उतरा आणि मुठीएवढा गोटा उचला. तो अलगद सुटला, खाली स्वच्छ खडी दिसली आणि पोटाला चपटे, तीन शेपट्यांचे किडे सरपटताना दिसले, तर तळ जिवंत आहे. गोटा चिखलातून उपटावा लागला आणि पाणी गढूळलं, तर दुखणं वरच्या अंगाला आहे: काठ तासून केलेलं शेत, उघडी पडलेली दरड, नाहीतर वाळूचा उपसा.

दुसरी गरज उन्हाळ्यातल्या डोहाची. महाडजवळ काळ नदीच्या वाळणकोंडीत वरदायिनी देवीवरच्या श्रद्धेपोटी मासे कुणी धरत नाही. तिथले महसीर टिकले ते या अभयामुळे आणि डोह खोल राहिल्यामुळे.

बीज सोडण्यानं निदान नुकसान तरी होत नाही, असंही समजू नका. लोणावळ्याचा हाच महसीर कावेरीत सोडला गेला, तिथं तो फोफावला आणि कावेरीचा स्वतःचा, पाठीला कुबड असलेला महसीर मागे हटला. आज तो अतिसंकटग्रस्त आहे.

म्हणून भोरच्या मंडळींनी ती वर्गणी काठावर उंबर, करंज, वाळुंज लावण्यासाठी वापरावी. सावली मिळेल, मुळं काठ धरून ठेवतील, आणि पाण्यात पडलेली उंबरं महसीर आवडीनं खातो. एक खळाळ आणि त्याखालचा एक डोह निवडून तिथं उपसा आणि मासेमारी बंद, असा ठराव ग्रामसभेत करून घ्यावा. गोट्याची परीक्षा दरवर्षी त्याच जागी करून वहीत नोंदवावी. बीजाचा विचार ती वही वाचून करू.