विज्ञान सल्लागार व विज्ञान अकादमी

विज्ञान व तंत्रविद्या यांच्याशी निगडित प्रश्नांवर शासनाला सल्ला देण्यासाठी नेमलेल्या तज्ञास विज्ञान सल्लागार म्हणतात. वैज्ञानिकांनी आपल्यातूनच निवडलेल्या श्रेष्ठ संशोधकांच्या संस्थेस विज्ञान अकादमी अशी संज्ञा आहे. सल्लागाराची नेमणूक शासन करते, तर अकादमीवरील निवड त्याच क्षेत्रात काम करणारे संशोधक करतात. एकच व्यक्ती या दोन्ही भूमिकांत असली, तरी त्या भूमिकांमागील अधिकार निरनिराळे असतात. अकादमीच्या निवडीने संशोधनाची गुणवत्ता प्रमाणित होते. सल्ला मान्य करण्याचे बंधन मात्र शासनावर येत नाही. परिस्थितिवैज्ञानिक माधव गाडगीळ यांच्या कार्यावरून, तसेच रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर या तालुक्यांच्या अनुभवावरून हा भेद स्पष्ट होतो.

अकादमीवरील निवड : लंडनची रॉयल सोसायटी १६६० मध्ये स्थापन झाली. तिचे अधिछात्रत्व मिळविणारे पहिले भारतीय म्हणजे मुंबईचे जहाजबांधणी-अभियंता अर्देशीर करसेटजी होत (१८४१). अमेरिकेची राष्ट्रीय विज्ञान अकादमी राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी ३ मार्च १८६३ रोजी स्वाक्षरी केलेल्या सनदेनुसार अस्तित्वात आली. शासनाच्या कोणत्याही विभागाने मागणी केल्यास वैज्ञानिक विषयावर चौकशी करून अहवाल द्यावा व त्याबद्दल मोबदला घेऊ नये, असे या सनदेत नमूद आहे. म्हणजे ही अकादमी केवळ सन्मान करणारी नसून आरंभापासून सल्लागार संस्थाही आहे. भारतात अलाहाबाद येथे १९३० मध्ये, बंगलोर येथे चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या पुढाकाराने १९३४ मध्ये आणि कलकत्ता येथे १९३५ मध्ये अशा संस्था निघाल्या. यांपैकी शेवटची संस्था पुढे दिल्लीस गेली व भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी या नावाने ओळखली जाऊ लागली.

अशा अकादमीच्या सदस्यत्वासाठी स्वतः अर्ज करता येत नाही. विद्यमान सदस्य नाव सुचवितात, त्या विषयाचे तज्ञ संशोधनाची छाननी करतात आणि शेवटी मतदान होते. अमेरिकी अकादमीवर निवडल्या जाणाऱ्या परदेशी नागरिकास पूर्वी ‘परदेशी सहयोगी’ म्हणत. पुढे ‘आंतरराष्ट्रीय सदस्य’ ही संज्ञा रूढ झाली. त्यास अकादमीत मताधिकार नसतो. उमेदवाराचे शासकीय पद हा या निवडीचा निकष नव्हे.

भारतातील सल्लागार व्यवस्था : मंत्रिमंडळाची वैज्ञानिक सल्लागार समिती होमी भाभा यांच्या अध्यक्षतेखाली १९५६ मध्ये नेमण्यात आली. भाभा त्यापूर्वीच, १९४१ मध्ये, रॉयल सोसायटीचे अधिछात्र झाले होते. १९८६ मध्ये सी. एन. आर. राव यांच्या अध्यक्षतेखाली पंतप्रधानांचे विज्ञान सल्लागार मंडळ स्थापन झाले. प्रमुख वैज्ञानिक सल्लागार हे पद १९९९ मध्ये निर्माण होऊन त्यावर प्रथम ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची नेमणूक झाली. २०१८ ते २०२२ या काळात हे पद भूषविणारे के. विजयराघवन हे २०१२ मध्ये रॉयल सोसायटीवर व २०१४ मध्ये अमेरिकी अकादमीवर निवडले गेले होते. २०२२ मध्ये या पदावर आलेले अजय सूद २०१५ मध्ये रॉयल सोसायटीचे अधिछात्र झाले. गोव्यातील माशेल येथे जन्मलेले रसायन-अभियंते रघुनाथ माशेलकर यांची रॉयल सोसायटीवरील निवड (१९९८) व अमेरिकी अकादमीवरील निवड (२००५) या दोन्ही, ते वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक असताना झाल्या.

माधव गाडगीळ : गाडगीळ यांचा जन्म २४ मे १९४२ रोजी पुणे येथे झाला. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ हे त्यांचे वडील. पुणे व मुंबई येथील शिक्षणानंतर हार्व्हर्ड विद्यापीठातून त्यांनी १९६९ मध्ये गणिती परिस्थितिविज्ञानात डॉक्टरेट मिळविली. १९७१ मध्ये ते भारतात परतले. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत काही काळ काम केल्यावर १९७३ मध्ये ते बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रुजू झाले आणि तेथे त्यांनी परिस्थितिविज्ञान केंद्र उभारले.

विल्यम बॉसर्ट यांच्यासह १९७० मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला लेख सजीवांच्या जीवनक्रमाविषयी आहे. सजीवास मिळणारी ऊर्जा मर्यादित असते. वाढ, जगण्याची धडपड व प्रजनन यांत ती वाटली जाते. एकीकडे अधिक खर्च झाल्यास दुसरीकडे तूट येते. या वाटणीचे गणित मांडून, काही जाती आयुष्यात एकदाच विपुल प्रजनन करून का मरतात व काही जाती वर्षानुवर्षे थोडे थोडे प्रजनन का करतात, याचे स्पष्टीकरण या दोघांनी दिले. एकदाच फुलून वाळून जाणारा बांबू हे पहिल्या प्रकाराचे परिचित उदाहरण होय.

भारतात परतल्यावर गाडगीळ यांनी गणिताला क्षेत्रीय अभ्यासाची जोड दिली. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांच्यासह त्यांनी पश्चिम घाटातील देवरायांची पाहणी केली व तिचे निष्कर्ष १९७६ मध्ये प्रसिद्ध केले. देवाच्या नावाने राखलेल्या या वनखंडांमुळे दुर्मिळ वनस्पती टिकून राहतात व वाडीवस्तीच्या पाण्याचे उगमही सुरक्षित राहतात, हे त्यांतून पुढे आले. कर्नाटकातील बांबूच्या अभ्यासातही असाच अनुभव आला. बेटांच्या बुंध्याभोवतीचे काटेरी आवरण साफ केल्याने बांबू चांगला वाढतो, अशी कागद गिरण्यांची समजूत होती; आवरण काढल्यास कोवळे कोंब गुरे व वन्य प्राणी खातात, असे गावकऱ्यांचे म्हणणे होते. पाहणीत गावकऱ्यांचे म्हणणे खरे ठरले. स्थानिक लोकांचे निरीक्षण हीदेखील तपासून घेण्याजोगी वैज्ञानिक सामग्री आहे, ही त्यांची भूमिका अशा अभ्यासांतून दृढ झाली.

१९८६ ते १९९० या काळात गाडगीळ पंतप्रधानांच्या विज्ञान सल्लागार मंडळाचे सदस्य होते. भारतातील पहिले जीवावरण राखीव क्षेत्र निलगिरी येथे १९८६ मध्ये घोषित झाले, त्याच्या आखणीत त्यांचा मोठा वाटा होता. १९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने परदेशी सहयोगी म्हणून त्यांची निवड केली. पुढील काळात जैविक विविधता अधिनियम, २००२ याच्या जडणघडणीतही त्यांचा सहभाग होता. या अधिनियमानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापणे अपेक्षित आहे.

पश्चिम घाटविषयक सल्ला : केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने मार्च २०१० मध्ये गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाट परिस्थितिविज्ञान तज्ञ गट नेमला. गटाने सु. १,२९,००० चौ. किमी. प्रदेशाचे रेखांश-अक्षांशांच्या प्रत्येकी ५ मिनिटांचे, म्हणजे सु. ९ किमी. बाजूचे, चौकोन पाडले. उतार, उंची, वनाच्छादन, प्रदेशनिष्ठ वनस्पती, संकटग्रस्त प्राणी इ. निकषांवर प्रत्येक चौकोनास गुण देऊन प्रदेशाचे तीन संवेदनशील विभाग सुचविण्यात आले. नवीन गिरिस्थाने वसवू नयेत, सार्वजनिक जमीन खाजगी उपयोगासाठी देऊ नये व अतिसंवेदनशील विभागात नव्या खाणींना परवानगी देऊ नये, अशा शिफारशी गटाने केल्या. विभागांच्या सीमा व नियम हे अंतिम न मानता त्यांवर ग्रामसभांत चर्चा व्हावी, असेही त्याने सुचविले.

हा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये सादर झाला. परंतु माहितीच्या अधिकाराखालील आदेश व दिल्ली उच्च न्यायालयाचा निर्णय यांनंतरच मे २०१२ मध्ये तो लोकांपुढे आला. घाटातील अनेक राज्यांत त्यास विरोध झाला. उपजीविका, शेती व घरबांधणी यांवर निर्बंध येतील, ही भीती विरोधामागे होती. अहवाल स्थानिक भाषांत वेळेवर न पोहोचल्याने ती वाढली. त्यानंतर अवकाशशास्त्रज्ञ के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा गट नेमण्यात आला. एप्रिल २०१३ मधील आपल्या अहवालात त्याने वस्ती व शेतीचा भाग वगळून, प्रदेशाच्या सु. ३७ टक्के म्हणजे सु. ६०,००० चौ. किमी. नैसर्गिक क्षेत्र संवेदनशील ठरविले. केंद्र शासनाने २०१४ मध्ये सु. ५६,८२५ चौ. किमी. क्षेत्रासाठी अधिसूचनेचा मसुदा काढला. जुलै २०२४ मध्ये निघालेला मसुदा हा त्या मालिकेतील सहावा होय.

कर्जत व खालापूर : सह्याद्रीच्या कड्याखालील या दोन तालुक्यांत वर्षाकाठी ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. कर्जतमधून उल्हास व खालापुरातून पाताळगंगा या नद्या वाहतात. घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी खाली सोडून खोपोली (१९१५) व भिवपुरी (१९२२) येथील जलविद्युत् केंद्रे सुरू झाली. मुंबई–पुणे लोहमार्ग व द्रुतगती महामार्ग याच पट्ट्यातून गेल्यामुळे कारखाने, गृहसंकुले व शेतघरे यांसाठी येथील जमिनीस मोठी मागणी आली. ठाकर व कातकरी या आदिवासी समाजांच्या वाड्या डोंगरउतारांवर व पायथ्याशी वसलेल्या आहेत.

कर्जत तालुक्यातील माथेरान व त्याभोवतालचा प्रदेश ४ फेब्रुवारी २००३ रोजी पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला. तज्ञ गटाच्या नेमणुकीपूर्वीच अशा क्षेत्राची कल्पना या परिसरात कायद्याने लागू झालेली होती. महाबळेश्वर–पाचगणी येथील अशाच क्षेत्राचा अनुभव विचारात घेऊन, केवळ अधिकाऱ्यांमार्फत राबविलेले निर्बंध लोकांना जाचक वाटतात व संरक्षणही अपुरे राहते, असे गाडगीळ गटाने दाखविले होते.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडी या ठाकरवाडीवर अतिवृष्टीमुळे दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसे बेपत्ता असताना २३ जुलै रोजी शोधकार्य थांबविण्यात आले. दरडप्रवण गावांच्या शासकीय यादीत या वाडीचे नाव नव्हते. एखादा अहवाल अमलात आला असता तर ही दुर्घटना टळली असती, असे निश्चितपणे म्हणता येत नाही. किंबहुना ९ किमी. बाजूच्या चौकोनावर आधारलेला नकाशा प्रदेशाची संवेदनशीलता दर्शवितो. एकेका वाडीवरील विशिष्ट उताराचा धोका त्यावरून कळत नाही. त्यासाठी भूवैज्ञानिक तपासणी, पावसाची स्थानिक नोंद आणि भेगा, झऱ्यांतील बदल, झाडांचे कलणे इ. खुणा दररोज पाहणाऱ्या रहिवाशांची माहिती ही तिन्ही एकत्र आणावी लागतात.

मूल्यमापन : अकादमीवरील निवडीमुळे सल्लागाराच्या ज्ञानाविषयी विश्वास निर्माण होतो व शासनाला अप्रिय वाटणारे मत मांडण्याचे बळही त्यास लाभते. तथापि संवेदनशीलतेचे मोजमाप हा विज्ञानाचा विषय असला, तरी निर्बंधांचा भार कोणी व किती सोसावा हा लोकांच्या संमतीचा प्रश्न आहे. मान्यवर वैज्ञानिकांच्या दोन गटांनी एकाच घाटाविषयी वेगवेगळ्या शिफारशी केल्या, यावरूनही हे दिसते. गाडगीळ यांनी सल्ल्याचा अंतिम विचार ग्रामसभेकडे सोपवावा असे सुचविले, ते याच कारणाने. विद्वत्सभेने मान्य केलेले ज्ञान वाडीपर्यंत तिच्या भाषेत पोहोचणे आणि वाडीचे निरीक्षण विद्वत्सभेपर्यंत जाणे, या दोन्ही गोष्टी घडल्यासच असा सल्ला उपयुक्त ठरतो.