आधी उजेड, मागून आवाज

दिवाळीच्या रात्री गच्चीवरून दूरची आतषबाजी पाहणाऱ्याच्या एक गोष्ट सहज ध्यानात येते. आकाशात बाण फुटतो, रंगांचे झाड उमलते, आणि ते विझू लागले म्हणजे मग कोठे ‘धडाम्’ ऐकू येते. उजेड दिसताच मनाशी सेकंद मोजावेत. तीन झाले तर बाण आपल्यापासून सुमारे एक किलोमीटरवर फुटला असे खुशाल समजावे. पावसाळ्यात वीज किती लांब कडाडली याचा अदमास घेण्याची रीतही हीच. उजेडाला एक किलोमीटर म्हणजे काहीच नाही. आवाज मात्र २० अंश सेल्सिअस तपमानाच्या हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, म्हणजे ताशी बाराशे किलोमीटरांहून थोडा अधिक, या चालीने येतो.

येतो म्हणजे नेमके काय येते? बाणाजवळची हवा काही धावत आपल्या कानापाशी येत नाही. तशी आली असती तर प्रत्येक फटाक्यामागे वावटळ सुटली असती. देवळाच्या रांगेत मागून कोणी धक्का दिला की तो माणसामाणसांतून थेट पुढच्यापर्यंत पोहोचतो. माणसे मात्र जेथल्या तेथेच, जराशी पुढेमागे हलून पुन्हा उभी! हवेच्या कणांचेही तसेच. एक कण शेजाऱ्याला ढकलतो, शेजारी पुढच्याला. कोठे दाटी होते, कोठे विरळपणा येतो, आणि ही दाटी-विरळाई पुढे सरकत जाते. तीच ध्वनिलहरी. रांगच नसेल तर धक्का जाणार कोणातून? रॉबर्ट बॉइलने १६६० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काचेच्या भांड्यातील हवा पंपाने उपसून घेतली, तसा आतला नाद क्षीण होत गेला.

या चालीचे गणित प्रथम मांडले ते न्यूटनने, १६८७ सालच्या आपल्या ग्रंथात. मौज अशी की एवढ्या मोठ्या गणित्याचे उत्तर सुमारे पंधरा टक्क्यांनी कमी आले! त्याने त्याचा ठपका हवेतील घन कण आणि वाफ यांच्यावर ठेवून हिशेब जुळवून घेतला. खरे कारण फ्रान्समधील लाप्लास याने १८१६ साली सांगितले. हवा झटकन दाबली गेली की ती तापते, आणि तापलेली हवा अधिक जोराने परत ढकलते. सायकलला हवा भरताना पंपाचे तोंड गरम लागते ते ज्याला ठाऊक आहे, त्याला लाप्लासचे म्हणणे पटावयास वेळ लागू नये. पाण्यात तर आवाज हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने जातो. जिनीव्हाच्या सरोवरात १८२६ साली कोलाडों आणि स्टुर्म यांनी एका नावेखाली पाण्यात घंटा वाजवून त्याच क्षणी वर दारू पेटवली, आणि दूर दुसऱ्या नावेवर उजेड व नाद यांच्यातील अंतर मोजले. आपल्या गच्चीवरचाच खेळ, पण पाण्यातला.

येथवर झाली ती हवेची कथा. हवेतल्या धक्क्याचे ‘ऐकणे’ होते ते कानात, आणि तेथील व्यवस्था पाहिली की थक्क व्हावयास होते. डोक्याच्या दोन्ही बाजूंना दिसतो तो कान म्हणजे केवळ दरवाजा. आत सुमारे अडीच सेंटीमीटर लांबीची नळी, नळीच्या टोकाशी पडदा, पडद्याला चिकटून हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी तीन चिमुकली हाडे. रिकीब हे आपल्या शरीरातील सर्वांत लहान हाड. जेमतेम तीन मिलिमीटरांचे. या तीन हाडांचा खटाटोप कशासाठी? ऐकणारा खरा अवयव पाण्यासारख्या द्रवाने भरलेला आहे, आणि हवेतला आवाज पाण्यावर आदळला की हजारातले जवळजवळ नऊशे नव्व्याण्णव भाग परत फिरतात. पोहणाऱ्याला काठावरच्या हाका नीट ऐकू येत नाहीत त्या यामुळेच. म्हणून निसर्गाने मोठ्या पडद्यावरचा दाब त्याच्या सतराव्या-विसाव्या हिश्शाएवढ्या लहान खिडकीवर एकवटला. खिळ्याचे टोक बारीक का असते, त्याचे उत्तर आणि याचे उत्तर एकच.

या खिडकीपलीकडे गोगलगायीच्या शंखासारखी अडीच वेटोळ्यांची नळी आहे. वैद्यक तिला कॉक्लिया म्हणते. उलगडली तर ती साडेतीन सेंटीमीटरही भरायची नाही. तिच्या लांबीभर एक पातळ पट्टी आहे, आणि पट्टीवर सूक्ष्म केस असलेल्या पेशींच्या रांगा. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याचे १८६३ साली म्हणणे असे की ही पट्टी पियानोच्या तारांसारखी. ज्या सुराची तार, ती त्या सुराला हलते. पुढे बुडापेस्टच्या टपालखात्याच्या प्रयोगशाळेत टेलिफोनवर काम करणाऱ्या बेकेशी याला वाटले, तर्क कशाला, पाहूच! मृत माणसांच्या कानांची ती पट्टी त्याने सूक्ष्मदर्शकाखाली, लुकलुकत्या प्रकाशात, हलताना पाहिली. चाबूक झटकावा तशी पट्टीवरून लाट धावते, आणि सूर जेवढा उंच तेवढी ती खिडकीजवळ, जेवढा खालचा तेवढी आत टोकाशी, सर्वांत जास्त उसळते. कोठल्या जागेच्या पेशी हलल्या, यावरून मेंदू सूर ओळखतो. बेकेशीला १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते यासाठी.

म्हणजे कान हा आवाज निवडून वेगळा करणारा मोठा हिशेबी कारकून आहे. तबल्याचे उदाहरण घ्या. साधा ताणलेला पडदा वाजवला तर त्यातून निघणारे उपस्वर मूळ स्वराच्या दुप्पट-तिप्पट नसतात. पहिलाच उपस्वर १.५९ पट येतो, आणि कान सुराऐवजी नुसती धप्प ऐकतो. तबल्याच्या मधोमध शाई चढवली की तिच्या वजनाने हे उपस्वर एक, दोन, तीन, चार, पाच अशा पटींत येऊन बसतात, आणि तबला गायकाच्या षड्जाशी बोलू लागतो. हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० साली जगापुढे मांडले. ज्या कोणा अनामिक कारागिराने पहिली शाई घोटली, त्याच्याजवळ गणित नव्हते. कान मात्र होता.

आणि तो किती हळवा! निरोगी तरुण कानाला ऐकू येणारा सर्वांत हलका आवाज म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबात सुमारे पाच अब्जांतील एका भागाएवढा फरक. अशा वेळी पडदा हलतो तो हायड्रोजनच्या अणूच्या व्यासाहूनही कमी. हे साधते ते शंखातील बाहेरच्या रांगांतील पेशींमुळे. त्या स्वतः ताणून-आखडून लाटेला जोर देतात. १९७८ साली इंग्रज शास्त्रज्ञ डेव्हिड केंप याने दाखवून दिले की या खटपटीचा बारीक नाद कानातून बाहेरही येतो. कान ऐकता ऐकता स्वतःही आवाज काढतो! नवजात बालकाला ऐकू येते की नाही, हे आज रुग्णालयांत याच नादावरून तपासतात.

एका कानात आतल्या रांगेच्या पेशी सुमारे साडेतीन हजार, बाहेरच्या सुमारे बारा हजार. एवढीच जन्माची शिल्लक. कोंबडीच्या कानातील अशा पेशी मेल्या तर पुन्हा उगवतात. माणसाच्या उगवत नाहीत. मोठ्या आवाजाने बहुधा प्रथम मरतात त्या बाहेरच्या, आणि त्यांतही उंच स्वरांच्या जागेवरील. त्याचा परिणाम घरोघर दिसतो. आजोबा म्हणतात, “ऐकू येते रे, पण तू काय म्हणतोस ते कळत नाही.” सुनेला वाटते, मामंजी सोयीपुरते ऐकतात. तसे नसते. ‘आ’, ‘ओ’ हे स्वर खालच्या पट्टीत असतात, ते शाबूत राहतात. ‘स’, ‘ख’, ‘थ’ यांचा फुत्कार वरच्या पट्टीत, तो नाहीसा होतो. मग सात, हात, खात सगळे एकच. अशा माणसाशी ओरडून बोलण्यात अर्थ नाही. समोर बसून सावकाश बोलावे.

आता फटाक्यांकडे वळू. डेसिबलचे माप फसवे आहे. साधे बोलणे ६० डेसिबलचे, म्हणून १२० डेसिबल म्हणजे त्याच्या दुप्पट, असे नव्हे. दर दहा डेसिबलला ध्वनीची शक्ती दसपट होते, तेव्हा १२० म्हणजे दहा लक्ष पट! भारत सरकारने १९९९ साली फटाक्याला मर्यादा घातली ती १२५ डेसिबलची, पण फुटण्याच्या जागेपासून चार मीटरांवर. मोकळ्या जागी अंतर निम्मे केले की सहा डेसिबल वाढतात. वात पेटवून दोन पावले मागे सरलेल्या पोराच्या कानाशी तोच कायदेशीर फटाका १३१ च्या पुढे जातो. चाळीच्या चौकात चहूबाजूंच्या भिंती आवाज परत फेकतात, तेथे तर दूर जाऊनही पुरेशी सुटका नाही.

मोठा आवाज झाला की रिकिबीला बांधलेला एक लहानसा स्नायू आखडून तिला आवरतो, ही निसर्गाची योजना आहे खरी. पण त्याला सेकंदाचे काही शतांश भाग लागतात, आणि सुतळी बॉम्बचा तडाखा त्याआधीच आत पोहोचून संपलेला असतो. बोटे कानात घालून उभी राहणारी आजी या स्नायूपेक्षा अधिक कामाची, कारण तिला वात पेटलेली दिसते.

फटाक्यानंतर कान गुंई करू लागला, दडा बसला, तर घरोघरचा उपाय म्हणजे कोमट तेल. ते घालू नये. पडदा फाटलेला असला तर तेल आत उतरून कान वाहू लागतो. फाटलेला पडदा कित्येकदा काही आठवड्यांत आपोआप भरून येतो, त्याला कोरडे ठेवले म्हणजे झाले. पण ऐकणे कमी आले असेल तर पाडव्याची वाट न पाहता दुसऱ्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांना दाखवावे. शंखातील सूज उतरवण्याची औषधे पहिल्या काही दिवसांतच दिली तर त्यांचा काही उपयोग होण्याची आशा असते.