चॉपरचे फेरे आणि सांबाराची जुडी

मराठी स्वयंपाकघरात पदार्थ बारीक करण्यासाठी एकच एक क्रियापद नाही. कांदा चिरतात, मिरची ठेचतात, नारळ खवतात, गाजर किसतात, शेंगदाणे कुटतात, डाळ भरडतात, मसाला वाटतात आणि गहू दळतात. या प्रत्येक क्रियापदामागे वेगळे साधन, हाताची वेगळी चाल आणि पदार्थाचा वेगळा पोत उभा असतो, त्यामुळे ‘मिरची ठेचून घाल’ आणि ‘मिरची वाटून घाल’ या दोन सूचनांतून एकाच कढईत दोन निराळ्या भाज्या तयार होतात. नागपुरातील ओट्यांवर आता सर्रास दिसणाऱ्या हातचॉपरला मात्र यांपैकी कोणतेही क्रियापद पुरते लागू पडत नाही. ‘कांदा चॉपरमधून काढला’ असे घरोघरी म्हटले जाते, आणि हा शब्दप्रयोग ढोबळ वाटला तरी तो नेमका आहे. कारण या यंत्रात पहिल्या काही फेऱ्यांत चिरणे घडते, त्यापुढे ठेचणे सुरू होते आणि हात थांबला नाही तर वाटण्याला आरंभ होतो. यंत्र तेच, पाती तीच, बदलते ती केवळ फेऱ्यांची संख्या.

हातचॉपर म्हणजे विजेशिवाय चालणारे, झाकणबंद भांड्यात पाती फिरवून भाजी बारीक करणारे यंत्र. त्याचे दोन प्रकार बाजारात आढळतात. पहिल्यात झाकणावर फिरवायची मूठ असते, तर दुसऱ्यात मुठीऐवजी दोरी असते, जी ओढली की आतील चक्र फिरते आणि सोडली की गुंडाळीच्या स्प्रिंगमुळे आपोआप आत जाते. दोन्हींत भांड्याच्या मधोमध उभी आस असते, आणि तिच्यावर वेगवेगळ्या उंचीवर तीन, मोठ्या भांड्यात पाचपर्यंत, वक्र पाती बसवलेली असतात. मुठीच्या चॉपरमध्ये झाकणाच्या पोटात दातेरी चक्रांची जोडी दडलेली असते: मुठीला जोडलेल्या मोठ्या चक्राला ४० दाते आणि आसेवरील लहान चक्राला १० दाते असतील, तर मुठीच्या एका फेऱ्यात पाती चार वेळा फिरतात. या हिशेबाची दुसरी बाजू मुठीवरच्या हाताला लगेच जाणवते, कारण वेग जेवढ्या पटीने वाढतो तेवढ्याच पटीने पात्यापर्यंत पोहोचणारा फिरवण्याचा जोर घटतो. कांद्याला तो पुरतो. हिवाळ्यातील लाल गाजराचा जाड तुकडा पाते आणि भांड्याची भिंत यांच्यामध्ये पाचरीसारखा अडकला की मूठ जागच्या जागी थांबते, आणि अशा वेळी नेट लावला तर गाजराच्या आधी प्लॅस्टिकचे दाते झिजतात. मूठ थोडी उलटी फिरवून, झाकण उघडून तो तुकडा हाताने आणखी लहान करणे एवढाच त्यावर उपाय आहे.

मूठ फिरवून अन्न बारीक करण्याची कल्पना मराठी घराला नवी नाही. जात्याचा खुंटा हा मध्यापासून दूर बसवलेला असतो आणि तो धरून वरची तळी फिरवली जाते. यंत्रशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर घरात वापरली गेलेली ती सर्वांत जुनी फिरती मूठ होय. पुढे खाटेच्या किंवा पाटाच्या कडेला स्क्रूने आवळून बसवायचे शेवयांचे यंत्र आले, आणि होळीच्या आदल्या दिवशी शेजारी मागून नेत असत ते पुरणयंत्रही आले. पुरणयंत्रात तिरकी पट्टी शिजलेल्या डाळीला जाळीवर दाबत फिरते आणि डाळ भोकांतून खाली उतरते. ज्यां मांतले या फ्रेंच उद्योजकाने १९३२ साली बटाटे आणि भाज्या घोटण्यासाठी आणलेल्या हातयंत्राचेही तत्त्व हेच होते, आणि त्यातूनच पुढे मुलिनेक्स ही कंपनी उभी राहिली. या सगळ्या यंत्रांत एक समान गोष्ट आहे, ती अशी की बारीक झालेला पदार्थ यंत्राबाहेर पडतो. पीठ तळ्यांच्या कडेने सांडते, पुरण जाळीतून गळते, शेवया ताटलीतून सुटतात. एकदा बाहेर पडलेल्या कणावर यंत्राचा अधिकार उरत नाही, म्हणून त्याचा आकार एकसारखा राहतो.

चॉपरमध्ये ही सुटका नाही, आणि त्याच्या बहुतेक गुणदोषांचे मूळ येथेच आहे. पहिल्या फेऱ्यात बारीक झालेला कांद्याचा तुकडा तळाशीच राहतो आणि दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या फेऱ्यात पुन्हा पात्याखाली येतो, तर भिंतीला चिकटलेली एखादी पाकळी शेवटपर्यंत अखंड राहू शकते. यंत्रात चाळणी नसल्यामुळे चाळणीचे काम मूठ फिरवणाऱ्या व्यक्तीने करायचे असते: चार-पाच फेऱ्यांनंतर थांबणे, भांडे आपटून किंवा चमच्याने खरवडून भिंतीवरचे तुकडे खाली आणणे, आणि मग पुन्हा फिरवणे. जाहिरातीत हा थांबा दिसत नाही.

विळीशी तुलना केली की दुसरा भेदही ध्यानात येतो. विळीचे पाते स्थिर असते आणि पदार्थ हलतो. जुडी मुठीत आवळलेली असल्यामुळे प्रत्येक पानाला शेजारच्या पानांचा आणि बोटांचा आधार मिळतो, पाते आधार दिलेल्या पानातून सरकत जाते, आणि चिरलेला भाग परातीत पडून पात्यापासून कायमचा दूर होतो. सुरी आणि लाकडी पाट यांच्या बाबतीत हा आधार पाट पुरवतो. चॉपरमध्ये मात्र पदार्थ मोकळा असतो, त्याला धरून ठेवणारे त्याच्या स्वतःच्या जडत्वाशिवाय, म्हणजे जागेवरून सहज न हलण्याच्या वस्तूच्या स्वभावाशिवाय, फारसे काही नसते. कांद्याचा किंवा कोबीचा तुकडा पुरेसा वजनदार असल्याने पात्याचा फटका बसल्यावर तो पळण्याआधी चिरला जातो; हलकी वस्तू पात्याबरोबर नुसती वाहत जाते. म्हणूनच भांडे किती भरावे याला महत्त्व आहे. एकच लसणाची पाकळी टाकली तर ती भिंतीवर आपटत फिरते, आणि भांडे काठोकाठ भरले तर तळाचा लगदा होईपर्यंत वरचा थर कोरडाच राहतो. निम्म्यापर्यंत भरलेले भांडे सर्वांत चांगले काम देते, कारण तेवढ्या गर्दीत तुकडे एकमेकांना आधार देतात आणि त्यांना खालीवर होण्यास जागाही उरते.

कांद्यावर या यंत्राची परीक्षा सर्वांत सोपी आहे. मध्यम कांद्याच्या सहा-आठ फोडी करून, त्यांच्या पाकळ्या थोड्या सुट्या करून भांड्यात टाकल्या आणि डाव्या तळव्याने झाकण दाबून धरून मूठ फिरवली, तर पाच-सहा फेऱ्यांत पोह्यांवर पेरण्याजोगा भरड कांदा मिळतो. दहा-बारा फेऱ्यांत झुणक्याच्या फोडणीसाठी लागणारा बारीक कांदा होतो. त्यापुढे भिंतीवर फेसाळ पाणी दिसू लागते आणि ते दिसले की चिरण्याची हद्द ओलांडली गेली असे समजावे. पाते फटक्याने कापत असल्यामुळे कापलेल्या कडेच्या आसपासच्या पेशीही फुटतात, कांद्यातील गंधकयुक्त द्रव्ये आणि त्यांच्यावर क्रिया करणारे विकर एकत्र येतात, आणि डोळ्यांत पाणी आणणारा वायू तयार होतो. विळीवर हा वायू हळूहळू उडत असतो. येथे तो झाकणाखाली साठतो आणि झाकण काढताच एकदम वर येतो. भांडे तोंडापासून दूर धरून उघडण्याचे शहाणपण पहिल्याच कांद्यात येते. याच कारणाने चॉपरमधला कच्चा कांदा काही वेळाने अधिक उग्र लागतो, आणि तो तर्री पोह्यांवर घालायचा असेल तर ऐन वेळी काढलेला बरा. भज्यांसाठी लागणारा उभा, पातळ कांदा या यंत्रातून कधीच मिळत नाही. पात्याला दिशा ठाऊक नसते.

शेंगदाण्यांच्या बाबतीत चॉपर मिक्सरपेक्षा सरस ठरतो, असे म्हणण्यास जागा आहे. मिक्सरचे पाते इतक्या वेगाने फिरते की भाजलेल्या दाण्यांतील तेल सुटून कुटाचे गोळे होतात. हाताच्या वेगाने ते घडत नाही, आणि सोललेले, पूर्ण निवलेले दाणे असतील तर रवाळ कूट मिळतो. ठेच्याचे प्रकरण वेगळे आहे. खलबत्त्यात किंवा तव्यावर वाटीच्या बुडाने ठेचताना मिठाचे खडे मिरचीच्या सालीवर घासले जातात, लसूण आणि मिरची यांचा रस एकमेकांत मुरतो; चॉपरमध्ये मिरचीचे तुकडे होतात, लसणाचे तुकडे होतात आणि ते एकमेकांशेजारी बसतात. त्याला बारीक चिरलेली मिरची म्हणावे, ठेचा म्हणू नये. वैदर्भीय वडाभाताच्या वड्यांसाठी भिजवलेल्या मिश्र डाळी भरड वाटायच्या असतात, तेथे तर चॉपर सरळ नापास होतो, कारण दाणे लहान, टणक आणि ओले असल्याने पात्यावरून निसटत राहतात.

नागपुरात या यंत्राकडून सर्वाधिक अपेक्षा ज्या कामाची केली जाते ते काम सांबार चिरण्याचे आहे. विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर. दक्षिणेकडील आंबट वरण येथे अभिप्रेत नाही. हिवाळ्यात कॉटन मार्केटमध्ये आणि आठवडी बाजारांत सांबाराचे हिरवे ढीग लागतात, जुड्या स्वस्त होतात, आणि घरोघरी सांबारवडीचा बेत ठरतो. हिलाच पुडाची वडी असेही म्हणतात, आणि कोथिंबीर बेसनात कालवून, वाफवून तळतात त्या पश्चिम महाराष्ट्रातील कोथिंबीरवडीहून ती निराळी आहे. येथे बेसन व कणीक किंवा मैदा यांच्या पातळ पारीत भरपूर सांबार, सुके खोबरे, खसखस, चारोळी, लसूण आणि हिरवी मिरची यांचे सारण भरून, पुडीसारखी घडी घालून वडी तळली जाते आणि कढीबरोबर वाढली जाते. चार माणसांच्या बेतालाही सांबाराचा मोठा ढीग चिरावा लागतो, म्हणून चॉपर पुढे ओढला जाणे स्वाभाविक आहे.

येथे वर सांगितलेले दोन्ही दोष एकत्र येतात. पान हलके असल्याने पात्यापुढे पळते, तर देठ जड असल्याने आधी चिरला जातो; परिणामी देठांची भरड होते आणि पाने आसेभोवती गुंडाळून बसतात. ती सोडवून पुन्हा फिरवली की देठांचा रस सुटतो, पाने त्या रसाने ओली होऊन भिंतीला चिकटतात, हिरवा रंग काळपट होऊ लागतो आणि चिरलेल्या सांबाराऐवजी चटणीची पूर्वतयारी हाती येते. चटणीला ते चालेल. वडीला चालत नाही, कारण ओल्या सारणामुळे पारी आतून भिजते, तेलात त्या पाण्याची वाफ होते, घडीची कड उकलते आणि सारण कढईत पसरते. सारणात मीठ अगदी शेवटी, भरायच्या क्षणी घालण्याची घरोघरची रीत याच भीतीतून आली आहे, कारण मीठ पानांतून पाणी ओढून काढते; चॉपर हेच काम मिठाच्या आधी करून ठेवतो.

यावरून यंत्र टाकाऊ ठरत नाही, त्याची जागा ठरते. त्याच सारणातील लसूण व मिरच्या एकत्र आणि भाजलेल्या खोबऱ्याचे काप वेगळे, असे दोन हप्ते चॉपरमधून काढले तर वेळ वाचतो आणि मिरचीचा झोंबरा हातही टळतो. खाली बसता न येणाऱ्या, बोटांची पकड सैल झालेल्या वृद्ध व्यक्तीला विळी शक्य नसते, पण तळव्याने झाकण दाबून दहा फेरे देणे शक्य असते. पाती झाकलेली असल्याने घरातील मुलांच्या हातीही मूठ देता येते. जात्यावर दळताना म्हटलेल्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या पुढाकाराने गोळा झाल्या, त्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. चॉपरचे काम अर्ध्या मिनिटात आटोपते, त्यात ओवीला अवकाश नाही, आणि त्याबद्दल कोणी हळहळावे असेही नाही.

खरा धोका धुण्याच्या वेळी असतो. फेसाच्या पाण्यात बुडालेले पाते दिसत नाही, म्हणून आस आधी बाहेर काढून, तिच्या प्लॅस्टिकच्या वरच्या टोकाला धरून, वाहत्या पाण्याखाली ब्रशने घासावी. झाकणात पाणी शिरू देऊ नये; दोरीच्या प्रकारात ओली दोरी आत गेली की काही दिवसांत कुबट वास येतो, आणि त्या झाकणातून निघालेल्या कोशिंबिरीलाही तो लागतो.

सांबारवडीसाठी मात्र विळीच काढावी. तीही जुडी धुऊन, पंख्याखाली पंचावर पसरून, पाने हाताला पूर्ण कोरडी लागल्यानंतरच. तोवर आणखी तासभर गेला तरी जाऊ द्यावा.