कॉम्प्युटर म्हणतो, हार्ड डिस्कच नाही! फॉरमॅट करण्याआधी हे वाचा

उन्हाळ्याची सुट्टी नागपूर-पुण्याकडे घालवून तुम्ही जूनमध्ये रायपूरला परतता. घर उघडता, कूलरची टाकी धुता, गच्चीवर साचलेली काळी धूळ झाडता. संध्याकाळी मुलगा कॉम्प्युटर सुरू करतो आणि ओरडतो, "आई, हे बघ काय आलंय!" काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ: 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस'. लॅपटॉप असेल तर 'नो बूटेबल डिव्हाइस' किंवा 'बूट डिव्हाइस नॉट फाउंड'. शब्द वेगळे, अर्थ एकच. ज्या डिस्कवर विंडोज आहे, ती कॉम्प्युटरला सापडत नाही.

अशा वेळी पोटात गोळा येतो तो मशीनसाठी नाही, आतल्या सामानासाठी. लग्नाचे फोटो, मुलांच्या मार्कशीट, पेन्शनचे कागद, सगळं त्या एका डबीत असतं.

आमच्या तात्यापाऱ्यातल्या शेजारच्या काकांकडे तर याहून मोलाचं काही होतं. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात मराठी घरं आहेत आणि त्यातल्या काहींच्या ट्रंकेत अजून मोडीतले कागद निघतात. काकांनी निवृत्तीनंतर चार वर्षं खपून असे कागद, जुनी पत्रं स्कॅन केली होती. काकूंच्या आईने जात्यावरच्या ओव्या म्हटलेल्या तीन कॅसेटही त्यांनी कॉम्प्युटरवर उतरवल्या होत्या. कॅसेट नंतर ओल लागून गेल्या. म्हणजे ओव्या उरल्या त्या फक्त त्या डिस्कवर.

ते महिनाभर मुलीकडे राहून आले आणि पडद्यावर हीच ओळ. दुकानात नेलं, तर पाच मिनिटांत निकाल लागला: डिस्क गेली, नवी टाकू, विंडोज घालून उद्या देतो. जुनीतलं काय, असं विचारल्यावर उत्तर आलं की फॉरमॅट करून चालते का ते बघू. काकांनी कॅबिनेट उचललं, ऑटोत घातलं आणि थेट माझ्या दारात आणून ठेवलं.

तारखेने केली चुगली

मी पहिल्यांदा मागचे सगळे पेनड्राइव्ह, कार्ड रीडर काढले. हसू नका. कित्येक घरांत एवढ्यानेच काम होतं. कॉम्प्युटर आधी पेनड्राइव्हवर विंडोज शोधतो, तिथे ते नसतं आणि बिचारा तिथेच अडून बसतो. काकांच्या बाबतीत मात्र तसं नव्हतं.

मग बटण दाबल्याबरोबर डिलीटची कळ टकटक दाबत राहिलो. तुमच्याकडे ती एफ २, एफ १० किंवा एस्केपही असू शकते. सुरू होताना कोपऱ्यात क्षणभर लिहून येतं. या कळीने बायोस उघडतं. बायोस म्हणजे विंडोजच्याही आधी जागा होणारा, मदरबोर्डवरचा छोटा प्रोग्रॅम. घरातल्या कोणत्या वस्तू जोडलेल्या आहेत, ही हजेरी तोच घेतो.

तिथे दोन गोष्टी दिसल्या. वरच्या कोपऱ्यात तारीख होती १ जानेवारी २०१३. आणि खाली जोडलेल्या वस्तूंच्या यादीत काकांच्या डिस्कचं नाव, क्षमतेसकट, ठसठशीत लिहिलेलं होतं.

म्हणजे डिस्क हजर होती! गेला होता तो मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल. सीआर २०३२ नावाचा हा ३ व्होल्टचा सेल वीज नसताना घड्याळ चालू ठेवतो आणि बायोसच्या सेटिंग सांभाळतो. भिंतीवरचं बटण चालू असताना त्याच्यावर फारसा भार नसतो. पण आपल्याकडे गावाला जाताना मेन स्विच बंद करायची पद्धत. आधीच म्हातारा झालेला सेल त्या महिनाभरात संपला आणि बायोस सगळं विसरून कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर गेलं. काकांचं जुनं विंडोज 'लेगसी' पद्धतीने घातलेलं, मूळ सेटिंग मात्र नव्या 'युईएफआय' पद्धतीचं. डिस्क समोर असून कॉम्प्युटर तिच्याकडे बघत नव्हता.

घड्याळाच्या दुकानात मिळणारा साधा सेल घातला, बूट मोड पुन्हा लेगसी केला, बूटच्या क्रमात डिस्क पहिली ठेवली, सेव्ह करून बाहेर आलो. विंडोजचा आवाज ऐकल्यावर काकू आतून बाहेर आल्या.

या एका तपासणीसाठीच खरं तर हा लेख लिहितो आहे. दुरुस्तीवाल्याने 'डिस्क दिसत नाही' म्हटलं, की विचारा: कुणाला दिसत नाही, बायोसला की विंडोजला? बायोसच्या यादीत डिस्कचं नाव असेल, तर बहुतेक वेळा दुखणं सेटिंगचं किंवा विंडोजचं असतं आणि तुमच्या फायली जागच्या जागी असण्याची बरीच शक्यता असते. विंडोज बिघडलं असेल तरी ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून फायली आधी काढून घेता येतात. फॉरमॅटची घाई कशाला?

लॅपटॉपवाल्यांना एक इशारा. बायोसमध्ये काही बदललं, की नव्या लॅपटॉपवर विंडोज कधीकधी ४८ अंकी बिटलॉकर की मागतं. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. हात घालण्याआधी दुसऱ्या फोनवरून ती शोधून कागदावर उतरवून घ्या.

बायोसलाही दिसत नसेल तर

आता कान द्या. कॅबिनेट उघडण्याआधी डिस्कचा आवाज ऐका. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये चकत्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात आणि वाचणारं हेड चकतीपासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगतं. आपला केस त्यापेक्षा हजारो पट जाड. टक्-टक्, टक्-टक् असा एका लयीत आवाज येत असेल, तर हेड जागा शोधत आपटतं आहे असं समजा आणि ताबडतोब बंद करा. 'अजून एकदा लावून बघू' हा मोह इथे सर्वांत महाग पडतो, कारण दर वेळी चकतीवर ओरखडे वाढू शकतात. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा जुना नुस्खाही करू नका; बाहेर काढल्यावर आत दव धरतं. ती घरी उघडण्याचा तर विचारही नको. धुळीचा एक कण पुरतो. आत हवं ते काही असेल, तर डेटा रिकव्हरी करणाऱ्या, धूळविरहित खोली असलेल्या प्रयोगशाळेकडेच पाठवा. खर्च हजारांत जातो, आणि यश मिळेलच असं कुणी प्रामाणिक माणूस सांगणार नाही.

आवाज सरळ असेल किंवा मुळीच येत नसेल, तर केबल बघा. प्लग भिंतीतून काढा, सुरू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, मग झाकण उघडा. डिस्कला दोन जोडण्या असतात: अरुंद ती माहितीची साटा केबल, रुंद ती विजेची. दोन्ही काढून पुन्हा घट्ट बसवा. नाही जमलं तर मदरबोर्डवरचं साटाचं दुसरं भोक वापरा, विजेचा दुसरा पिन लावा, मग केबल बदला. साटा केबल स्वस्त वस्तू आहे, जयस्तंभ चौकाजवळ रवि भवनात सहज मिळते. दर वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर नेमकं काय बिघडलं होतं ते कळणार नाही. विजेचा पत्र्याचा डबा, ज्याला आपण एसएमपीएस म्हणतो, तो मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात शॉक देण्याइतकी वीज साठलेली असते.

एसएसडीचं तंत्र वेगळं. तिच्यात फिरणारं काही नाही, त्यामुळे ती आवाज न करता जाते. पट्टीसारखी एम.२ एसएसडी असेल तर स्क्रू काढून पुन्हा नीट बसवून बघा. ती नवी आणली असेल आणि दिसत नसेल, तर मदरबोर्डचं पुस्तक काढा: काही खाचांत फक्त साटा जातीची चालते, काहींत फक्त एनव्हीएमई. आणि काही बोर्डांवर ही खाच भरली की साटाची एक-दोन भोकं आपोआप बंद होतात! नवी एसएसडी लावल्याबरोबर जुनी डिस्क गायब झाली, तर बरेचदा हेच कारण असतं. वॉरंटीतला लॅपटॉप असेल तर झाकण न उघडलेलंच बरं.

विंडोज चालतं, पण दुसरी डिस्क दिसत नाही, अशीही तक्रार असते. 'डिस्क मॅनेजमेंट' उघडून बघा. डिस्क तिथे असेल पण तिला अक्षर नसेल, तर ई किंवा एफ असं अक्षर द्या, झालं. कोरी नवी डिस्क 'इनिशियलाइझ' करावी लागते. २ टीबीहून मोठी असेल तर त्या वेळी जीपीटी निवडा. पण जुनी, भरलेली डिस्क लावल्यावर 'फॉरमॅट करू का?' असं विंडोजने विचारलं, तर कॅन्सल दाबा. इनिशियलाइझला तर हातही लावू नका.

कूलर आणि कॅबिनेट

रायपूरच्या हवेबद्दल थोडं बोललं पाहिजे. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, आणि उरला-सिलतराच्या कारखान्यांकडून येणारी काळी धूळ तुम्हाला मी सांगायला नको. ही धूळ डिस्कच्या आत जात नाही, तिथे गाळणी असते. पण पंखे आणि जाळ्या तुंबतात, आत भट्टी होते आणि डिस्कचं आयुष्य घटतं.

माझा खरा संशय कूलरवर आहे. आपण वाळ्याच्या कूलरसमोर स्वतः बसतो आणि कॉम्प्युटरही ठेवतो. त्याला गार वाटत असेल असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात दिवसभर ओली हवा आत जाते आणि जोडण्यांच्या पिना काळवंडतात. केबल काढून पुन्हा लावल्यावर डिस्क 'आपोआप' दिसू लागते, त्यामागे कित्येकदा हेच असतं. कॅबिनेट कूलरच्या झोतातून बाजूला सरकवा. जूनच्या वादळात विजा कडाडू लागल्या की प्लग काढा, आणि बत्ती गुल होण्याचा त्रास असेल तर यूपीएस घ्या.

डिस्क परत दिसू लागली, की पहिलं काम फायली दुसरीकडे उतरवण्याचं. चाळीस खिडक्या उघडून गेम लावू नका, दुरुस्तीचे प्रोग्रॅमही चालवू नका. आधी कॉपी. मग क्रिस्टल डिस्क इन्फो हा मोफत प्रोग्रॅम लावून डिस्कची तब्येत बघा. 'रीअलोकेटेड' किंवा 'पेंडिंग सेक्टर'चे आकडे वाढत असतील तर ती डिस्क निवृत्त करा.

काकांच्या फायली उतरवायला रात्रीचे दोन वाजले. आता एक प्रत त्यांच्या कपाटात आहे, एक मुलीकडे पुण्यात आणि ओव्या गूगल ड्राइव्हवरही. मध्ये एकदा कॉपी नीट झाली का ते बघायला मी एक ओवी लावली. काकू दारातच उभं राहून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "पुढची लाव."

नवा सेल घातल्याची तारीख मी कॅबिनेटच्या आतल्या पत्र्यावर स्केच पेनने लिहिली. काकांनी पेन मागून घेतलं आणि त्याखाली चार वर्षांनंतरची तारीख लिहून ठेवली.